गल्ल्याच्या बाजूने

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणीशी केस गळण्याबद्दल बोललीस आणि सकाळी इन्स्टाग्रामवर तेलाच्या जाहिराती सुरू झाल्या, म्हणून फोन आपलं बोलणं ऐकतो असं तुझं म्हणणं. पण त्याच रात्री तू केसांवरच्या साइट चाळत बसली होतीस, हेही तूच सांगितलंस. मग माइक काऊन लागावा? मी साड्या विकणारा माणूस, संगणकातलं मला फार कळत नाही. पण ही गोष्ट मला गल्ल्याच्या बाजूने रोज दिसते.

नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातल्या आपल्या दुकानाची वेबसाइट केली तेव्हा मार्केटिंगवाल्या पोराने तिच्यात मेटाचा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचा, पिक्सेल टाकला. म्हणजे कोडच्या काही ओळी. कुणी पैठणीचं पान उघडलं की तिचा ब्राउझर गुपचूप फेसबुकच्या सर्व्हरलाही निरोप धाडतो. अमुक पान पाहिलं, अमुक साडी कार्टमध्ये टाकली, पैसे न भरता निघून गेली. त्याच ब्राउझरमध्ये फेसबुक लॉग-इन असेल तर तिच्या खात्याची कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखचिठ्ठी, त्या निरोपाबरोबर जाऊ शकते. लाइकचं बटणही तसंच होतं. ते २०१० पासून दुसऱ्यांच्या साइटवर बसलं होतं, २०२६ मध्ये मेटाने ते बंद केलं. ते दाबा किंवा दाबू नका, पान उघडलं की ते फेसबुककडूनच मागवलं जायचं, म्हणजे तिकडे खबर जायचीच.

गंमत अशी की मला, दुकानदाराला, कुणाचं नाव दिसत नाही. किती जणींनी साडी पाहिली, कितींनी कार्टमध्ये टाकली, एवढे आकडे दिसतात. कार्ट सोडून गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवा, असं मी सांगायचं. त्या कोण, हे कंपनीला ठाऊक. बर्डीवरच्या प्रत्येक दुकानाच्या दारात एकच माणूस वही घेऊन बसलाय असं समज. दुकानदाराला आपल्यापुरतं कळतं, वहीवाल्याला अख्खा बाजार. साडीचं एक वेळ ठीक आहे गं, पण औषधाची, कर्जाची, नोकरीची दुकानंही त्याच बाजारात आहेत.

लॉग-आउट केलं की सुटलो, असंही नाही. ‘ॲडव्हान्स्ड मॅचिंग’ नावाची एक सोय असते. ती चालू असली की ऑर्डर करताना भरलेला मोबाइल नंबर आणि ई-मेल सांकेतिक रूपात तिकडे जातात आणि खात्याशी जुळवले जातात. इन्कॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या त्या खासगी खिडकीवर, तुम्हा पोरांचा फार भरवसा. त्यात जुन्या कुकी नसतात आणि खिडकी बंद केली की फोनमधला माग पुसला जातो, एवढं खरं. आत जाऊन कुठे लॉग-इन केलंस की ओळख पटलीच.

लॅपटॉपवर फायरफॉक्स ब्राउझर घे आणि त्यात, तो बनवणाऱ्या मोझिलाचंच, ‘फेसबुक कंटेनर’ नावाचं एक्स्टेन्शन टाक. २०१८ मध्ये फेसबुकवरच्या लोकांची माहिती परस्पर वापरणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका कंपनीचा बोभाटा झाला तेव्हाच ते आलं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामला ते वेगळ्या कप्प्यात कोंडून ठेवतं, त्यामुळे बाकीच्या साइटवर त्यांना तुझं खातं ओळखणं अवघड जातं. ‘फेसबुकने लॉग-इन करा’ ही बटणं मग नीट चालत नाहीत, तर बरंच झालं, ती वापरूच नकोस. क्रोम सोडवत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन थर्ड-पार्टी कुकी, म्हणजे उघडलेल्या साइटच्या नव्हे तर भलत्याच कंपनीच्या कुकी, बंद कर. गूगल त्या काढतो काढतो म्हणत २०२० पासून सांगत होतं आणि २०२४ मध्ये शब्द फिरवला. सफारीने २०२० मध्येच बंद करून टाकल्या.

फोनवर एक सवय लाव. इन्स्टाग्राममधली लिंक इन्स्टाग्रामच्याच पोटात उघडते आणि तिथे तू काय करतेस त्यावर ॲपला लक्ष ठेवता येतं. कोपऱ्यातली तीन टिंबं दाबून ती बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडायची.

आणि इन्स्टाग्रामच्या सेटिंगमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये ‘मेटाबाहेरची ॲक्टिव्हिटी’ अशा अर्थाचं एक सेटिंग आहे, ते आजच बघ. मागच्या रविवारी आईच्या फोनवर मी ती यादी काढली. पाककृतींची एक साइट, सोन्याचा भाव, पडदे, आणि मधेच एक पॅथॉलॉजी लॅब, जिथे तिने शुगरच्या तपासणीची वेळ घेतली होती. “हे तर मी ताईलाही सांगितलं नाही,” म्हणाली आणि फोन हातातून काढून घेतला. जुनी यादी पुसता येते, पुढचं जोडणंही तोडता येतं. त्याने जाहिराती कमी होत नाहीत आणि साइटवाले माहिती पाठवायचे थांबत नाहीत, फक्त ती तुझ्या खात्याला चिकटत नाही. तेवढंही पुष्कळ आहे.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, म्हणून इथल्या वकील मंडळींना त्याचं कौतुक जरा जास्तच. २०२३ मध्ये माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. पण ‘ॲक्सेप्ट ऑल’वर बोट आपलंच पडतं.

आपल्या साइटवरचं नंबर जुळवण्याचं बटण मी त्या पोराला बंद करायला लावलं. जाहिराती महाग पडतील म्हणून कुरकुरत होता. पिक्सेल मात्र अजून तसाच आहे. लग्नसराई संपली की बघू.

तुझा,
बाबा