गोखले रोडचा नकाशा काढायच्या आधी आम्हाला विचारा : ठाण्याच्या आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त साहेब,
ठाणे महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

मी नौपाड्यात राहते, लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे बरीच वर्षं झाली. हे पत्र गोखले रोड, राम मारुती रोड आणि स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यांबद्दल आहे. मागणी आधीच सांगून टाकते. हे रस्ते नव्याने डिझाइन करा आणि कन्सल्टंटने पहिली रेघ मारायच्या आधी इथल्या लोकांना विचारा. सगळा नकाशा तयार झाल्यावर पेपरात कोपऱ्यात ‘हरकती व सूचना’ छापून येतात त्याला मी विचारणं म्हणत नाही, कारण तोवर सगळं ठरलेलं असतं आणि हरकत घेणारा माणूस उगाच विकासाच्या आड येणारा ठरतो.

रस्त्यांवर पैसे खर्च होत नाहीत असं माझं अजिबात म्हणणं नाही. राज्य सरकारच्या ६०५ कोटींतून शहरातले २८२ रस्ते हाती घेतले, कुठे काँक्रीट, कुठे यूटीडब्ल्यूटी (डांबरावर काँक्रीटचा पातळ थर), कुठे मास्टिक (पाणी न झिरपणारं डांबर), खड्डे बऱ्याच ठिकाणी कमी झाले, त्याबद्दल मनापासून आभार. पण वरचा थर बदलला तरी रस्त्याची वाटणी तशीच राहिली. गाडीला किती जागा, पार्किंगला किती, चालणाऱ्याला किती, बसस्टॉपला किती, हे सगळं पूर्वी होतं तसंच आहे आणि माणसं मात्र कितीतरी पटीने वाढलीत.

संध्याकाळी सातच्या सुमारास गोखले रोडच्या फुटपाथवरून चालून बघा. चार पावलं सरळ चाललात की एका दुकानाची पायरी बाहेर आलेली, तिच्या पुढे लाद्यांचा उतार, मग ओळीने लावलेल्या स्कूटर, मग महावितरणची डीपी, तिला वळसा घालायला खाली रस्त्यावर उतरायचं आणि मागून रिक्षा हॉर्न देत येते. परत वर चढायचं तर फुटपाथ काही ठिकाणी इतका उंच की साठीच्या पुढच्या बाईला हाताला धरून चढवावं लागतं. आमच्या बिल्डिंगमधल्या दोन आज्ज्या आता रस्त्याच्या कडेनेच चालतात, फुटपाथ सोडूनच दिलाय त्यांनी. व्हीलचेअरचं तर नावच काढू नका, ठाण्यात व्हीलचेअरवरची माणसं नाहीत असं नाहीये, ती घराबाहेर पडू शकत नाहीत म्हणून दिसत नाहीत.

नियम काही नवीन शोधायचे नाहीयेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की चालायची मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी आणि फुटपाथची उंची १५० मिलीमीटरपेक्षा जास्त नको. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चालण्याजोगे, अपंगांनाही वापरता येतील असे फुटपाथ मिळणं हा कलम २१ खालचा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. म्हणजे आम्ही काही शोभेची वस्तू मागत नाही आहोत.

आता लोकांना का विचारायचं ते सांगते. राम मारुती रोडला एक गजरेवाली मावशी बसते. ऊन कुठल्या वेळेला कुठल्या बाजूला येतं, पहिल्या मोठ्या पावसात पाणी कुठल्या चेंबरपाशी तुंबतं, कुठल्या वळणावर बाइकवाले हमखास घसरतात, शाळा सुटल्यावर पोरं नेमकी कुठून रस्ता ओलांडतात (झेब्रा क्रॉसिंग तिथे नाहीये, ते बरंच पुढे मारलंय), हे सगळं तिला तोंडपाठ आहे. सर्व्हे करणारी माणसं येतील, गाड्या मोजतील, टेप लावून रुंदी मोजतील, पण दुपारी चार वाजता त्या कोपऱ्यावर काय होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? असंच रिक्षावाल्यांचं, असंच पहाटे माल उतरवणाऱ्या टेंपोवाल्यांचं. आणि रात्री शेवटच्या लोकलने उतरून चालत घरी येणाऱ्या मुलींना विचारा की कुठला दिवा बंद असतो आणि कुठल्या गल्लीतून त्या मुद्दाम जात नाहीत. हे कुठल्याच नकाशात येत नाही, विचारलं तरच कळतं.

फेरीवाले म्हटलं की आमच्याच लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात हे मला माहितीय. पण २०१४ चा कायदा आहे, त्यात शहर फेरीवाला समिती आहे, समितीत ४० टक्के फेरीवाल्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असायला हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. मग रस्त्याच्या डिझाइनमध्येच त्यांची जागा आखून द्या ना, म्हणजे चालायची पट्टी मोकळी राहील आणि रोजची अतिक्रमणाची गाडी, पळापळ, हेही थांबेल. दुकानदारांची भीती वेगळी आहे, पार्किंग गेलं की गिऱ्हाईक जाईल असं त्यांना वाटतं. ती भीती खोटी म्हणून झटकू नका, त्यांच्याशी बसून बोला, गावदेवी मैदानाखालचं पार्किंग आहे ते लोक का वापरतात किंवा का टाळतात तेही विचारा.

न विचारता काम केलं की काय होतं ते आपण घोडबंदरला बघितलंय. सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळायचं काम निघालं आणि सोसायट्यांनी केवढा विरोध केला. काम एमएमआरडीएचं (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं) होतं, तुमचं नव्हतं, पण शाळेच्या बस कुठे थांबणार, म्हाताऱ्यांनी रस्ता कसा ओलांडायचा हे प्रश्न लोकांनी विचारले ते ठाणेकर म्हणूनच. हेच प्रश्न आधी विचारले गेले असते तर भांडण एवढं पेटलं नसतं असं मला वाटतं.

आणि गाड्या कमी केल्या तर रस्ता मरतो असं ज्यांना वाटतं त्यांना दिवाळी पहाटला राम मारुती रोडवर आणा. तलावपाळीपासून इथपर्यंत नुसती माणसं, नवे कपडे घातलेली पोरं, ढोल, सेल्फी. गुढीपाडव्याला कौपिनेश्वर मंदिराची स्वागतयात्रा गोखले रोडवरून जाते तेव्हाही तेच. हा रस्ता माणसांना कसा वापरायचा ते चांगलं माहीत आहे, वर्षातले बाकीचे दिवस त्यांना तेवढी जागा मिळत नाही एवढंच.

पुण्यात २०१६ ला पादचारी धोरण झालं, जंगली महाराज रोडचे फुटपाथ रुंद केले, बसायला बाकं, झाडांना जागा, लहान पोरांना खेळायला काहीबाही, आणि गाड्या अजूनही चालतायत. चेन्नईत पाँडी बाजारला आधी तात्पुरता प्रयोग करून बघितला आणि २०१९ ला पक्कं काम लोकांसाठी खुलं केलं. मला हे तात्पुरतं करून बघायचं प्रकरण फार पटतं. रंगाचे पट्टे मारा, ट्रॅफिकचे कोन लावा, चार कुंड्या ठेवा, महिनाभर चालवा, पावसातही बघा. काय अडतंय ते दिसेल आणि बदलायला खर्चही फारसा नाही. एकदा काँक्रीट ओतलं की मग ते फोडायला कुणाची हिंमत होणार?

मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होते. तक्रार घेऊन जायला नगरसेवकसुद्धा नाही अशी ती वर्षं होती. त्यात लोकांची सवयच मोडली, सांगून काय होणार असं झालं. म्हणून पहिल्या बैठकीला थोडेच लोक आले तर नागरिकांना इंटरेस्ट नाही असा निष्कर्ष कृपया काढू नका. दुसरी घ्या, रविवारी सकाळी घ्या, एक संध्याकाळी घ्या, म्हणजे नोकरी करणाऱ्या बायकांनाही येता येईल.

घाई याच्यासाठी आहे की अंतर्गत मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिलीय, २९ किलोमीटर, २२ स्टेशनं. ती येईल तेव्हा स्टेशनपर्यंत लोक जाणार चालतच. मेट्रो झाल्यावर फुटपाथ करायला घेतले तर परत सगळं खणणार, परत गॅसवाले, केबलवाले, पाणीवाले एकामागून एक येणार. आत्ताच एका बाजूला डक्ट, म्हणजे केबल आणि पाइप जायला जमिनीखालची नळी, टाकून ठेवा.

तर साहेब, सुरुवात अशी करता येईल. एका शनिवारी संध्याकाळी तुम्ही, शहर अभियंता, वाहतूक पोलिसांचे कुणी वरिष्ठ आणि आम्ही रहिवासी स्टेशनपासून तीन पेट्रोल पंपापर्यंत एकत्र चालू, गाड्या मागे ठेवून. बरोबर एक व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती असू दे. नंतर जे काही रेखाटन होईल ते मोठ्या आकारात, मराठीत, गडकरी रंगायतनच्या बाहेर आणि गावदेवी मैदानापाशी लावा, खाली वही ठेवा. वहीत आलेल्या प्रत्येक सूचनेला घेतली की नाही आणि नाही तर का, एवढं एका ओळीत उत्तर द्या. तारीख कळवा, नौपाड्यातून माणसं जमवायचं काम मी करते.

आपली,
नौपाड्यातली एक रहिवासी