इंजिन बदलले आहे, गाडी आपलीच आहे

पुणे, ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आले असते. पण बाबा दोन वाक्यांत "बरं, तुला योग्य वाटेल ते कर" म्हणून फोन आईकडे देतात आणि माझे निम्मे सांगणे मनातच राहते, म्हणून पत्र लिहायला बसले. बाबा, आपली मारुती ८०० भंगारात दिलेली नाही. कराडला मामांच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये तिच्यात दुसरे इंजिन बसवून घेतले आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी ते सुरूही झाले. तुम्ही स्पष्ट "देऊन टाक" म्हणाला असताना मी तुम्हाला न विचारता हे केले, त्याबद्दल आधी क्षमा मागते. आता ते का केले, ते सगळे सांगते.

त्या दिवशी कुंभार्ली घाटात गाडी तापली ती खालचा होज पाइप फुटून पाणी निघून गेल्यामुळे. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचे असते, ते एकदा जास्त तापले की वाकते, मग त्याच्याखालचे गॅस्केट जळते आणि पाणी ऑईलमध्ये उतरते. मिस्त्रींनी माझ्यासमोर ऑईलचे झाकण उघडले तेव्हा झाकणाच्या आत चहावरच्या सायीसारखा फिकट तपकिरी थर जमलेला होता. तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजले तर मधल्याचे निम्म्यावर आलेले. म्हणजे वर्षभर ती जो निळसर धूर टाकत होती आणि आठवड्याला ऑईल मागत होती, त्याचे कारण घाटाच्या आधीपासूनच आत होते.

यात तुमच्याकडून काही कमी पडले असे कृपा करून मनात आणू नका. मला माहीत आहे, तुम्ही तो विचार रात्री पडल्या पडल्या करत असाल. रेडिएटर सोडवला तेव्हा त्याच्या जाळीत बारीक मातकट गाळ घट्ट बसलेला दिसला. मला तो २०२१ च्या पुराचाच वाटतो. वाशिष्ठीचे पाणी दोन दिवस गाडीत होते आणि ते ओसरल्यावर अर्ध्या चिपळूणने गाड्यांना स्टार्टर मारून इंजिने फोडून घेतली, तेव्हा तुम्ही चावीला हातसुद्धा लावू दिला नाहीत. म्हणून तर ते इंजिन उघडून, सिलिंडर आतून कापून मोठे (बोअर) करून, आणखी साडेतीन वर्षे चालले. पुढे विहिरीचे पाणी घालत राहिलात, ते थोडेफार भोवले असेल, पण मूळ दुखणे पुराचेच.

तेच इंजिन पुन्हा बांधून घ्यावे, असे आधी माझ्याही मनात होते. परंतु पुरानंतर त्याला अर्ध्या मिलिमीटरचे ओव्हरसाइझ पिस्टन बसवलेले आहेत आणि त्याच्या पुढचे माप मिळत नाही. सिलिंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, टाकून ब्लॉक पुन्हा मूळ मापावर आणता येतो, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते काम उत्तम करणारे लेथवाले आहेत आणि मी तिथपर्यंत जाऊन चौकशी केली. स्लीव्ह, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, नवे हेड आणि मजुरी असा हिशेब मांडला तेव्हा तो चांगल्या वापरलेल्या इंजिनाच्याही वर जात होता. शिवाय ज्या क्रँकने पुराचे पाणी प्यायले आहे, त्याच्यावर पुन्हा तेवढा खर्च करायला माझे मन होईना.

एकाने ओम्नीचे इंजिन स्वस्तात देऊ केले होते. तेही ७९६ सीसी आणि घराणेही एकच. पण ओम्नीत ते लांबीच्या दिशेने बसते आणि मागची चाके फिरवते, आपल्या ८०० मध्ये आडवे बसते आणि पुढची चाके ओढते. जोडाजोड करून बसवणारे आहेत, परंतु आई ज्या गाडीत बसते तिच्यात मला जोडाजोड नको होती. शेवटी आपल्याच मॉडेलची, पेट्रोल इंजेक्शनची, मागून धडक बसून रद्द झालेली एक ८०० सापडली. पुढचा भाग शाबूत होता. तिचे इंजिन खाली काढण्याआधी मी ते चालू करून घेतले आणि मिस्त्रींकडचा लांब स्क्रू ड्रायव्हर मागितला. बजाज स्कूटरच्या वेळी तुम्ही मला शिकवले होते ना, पाते इंजिनावर टेकवायचे आणि मूठ कानाशी धरायची? मी सात वर्षांची असेन. तेव्हा तुम्ही डोळे मिटायला सांगायचात आणि विचारायचात, "एकसारखं बोलतंय का, मध्येच अडखळतंय?" मी कराडच्या त्या अंगणात डोळे मिटून उभी राहिले. एकसारखे बोलत होते, बाबा. नंतर कॉम्प्रेशनही तिन्हींचे जवळजवळ सारखे आले.

इंजिन बाहेर होतेच, म्हणून टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ऑईल सील, क्लच प्लेट आणि इंजिनाची माउंटिंगे नवीन घातली. वापरलेल्या इंजिनाच्या बेल्टचे वय आपल्याला कळत नाही आणि क्लचसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागला असता. रेडिएटरही नवा आहे. सगळे मिळून ५२,००० रुपये झाले. गाडीची आजची किंमत तेवढी नाही, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच लिहिते. परंतु नवी लहान गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास जाते, आपल्या आळीतून वळवताना तिला दोन्हीकडून भिंती लागतील आणि तुम्हाला सगळी सवय पहिल्यापासून करावी लागेल. २००६ च्या पाडव्याला घेतलेल्या या गाडीचा क्लच कुठे उचलतो, हे तुमच्या पायाला ठाऊक आहे. तुमच्या एफडीला हात लावलेला नाही आणि माझाही कोणताच हप्ता थांबलेला नाही.

खरे कारण मात्र पैशांच्या हिशेबातले नाही. आईने मला सांगितले, तिच्यावर रागावू नका, की गाडी नाही तरी तुम्ही रोज सकाळी सहाला पडवीत जाऊन उभे राहता आणि कव्हराची घडी पुन्हा नीट करून ठेवता. अप्पांना पेढांब्याहून आणले त्या रात्री ज्यांनी गाडी चालवली, त्यांना आता प्रत्येक कामासाठी रिक्षाची वाट पाहावी लागावी, हे मला सहन होत नाही. तुमच्या हातातून गाडी काढून घेणारी मी असू नये, एवढेच मला वाटत होते.

आई, तुझ्यासाठीही काही केले आहे. पुढची डावी सीट खाली असल्यामुळे उठताना तुझ्या गुडघ्यावर भार येतो, म्हणून तिच्या पायांखाली लोखंडी पट्ट्या घालून ती दोन इंच उंच करून घेतली आहे. मी स्वतः दहा वेळा बसून-उठून पाहिले, डोके छताला लागत नाही. दाराच्या वर धरायला मजबूत कडी लावली आहे. तुझी निळी उशी, औषधांची पिशवी आणि कोयनेला थांबल्यावर अंथरायची सतरंजी धुऊन मागच्या सीटवर ठेवली आहे. तू त्या सतरंजीवर आंबोळ्यांचा डबा उघडायचीस आणि पहिली आंबोळी मला द्यायचीस, ती बाबांना कळू नये म्हणून मी तोंड फिरवून खायचे. बाबांना ते कळत होते, हे मला फार उशिरा समजले. गाडी येईपर्यंत फिजिओथेरपीला जायला रिक्षावाल्या काकांशी बोलले आहे. ते मंगळवारी आणि शुक्रवारी दहा वाजता दारात येतील. पैसे मी दिले आहेत, तू पुन्हा देऊ नकोस.

बाबा, आता थोडी कामे तुमच्याकडे. इंजिन नंबर बदलला की चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवावे लागते आणि आरसीवर नव्या नंबराची नोंद करून घ्यावी लागते. जुन्या गाडीच्या कागदांच्या प्रती, इंजिनाचे बिल आणि अर्ज हे सगळे पाकिटात जोडले आहे. जिथे पेन्सिलने फुली केली आहे तिथे सह्या करून ठेवा. रत्नागिरीला मी घेऊन जाईन, तुम्ही एसटीने जाऊ नका. विमा कंपनीलाही नवा नंबर कळवायचा आहे, नाहीतर उद्या काही झाले तर कागद जुळणार नाहीत. पुढच्या वर्षी पासिंग आहे, तेव्हाही ही नोंद लागेल.

आणि काही गोष्टी मी विनंती म्हणून नव्हे, हट्टाने सांगते. रेडिएटरमध्ये आता फक्त कूलंट घालायचे, विहिरीचेही नाही आणि फिल्टरचेही नाही. पाच लिटरचा डबा डिकीत ठेवला आहे. काटा अर्ध्याच्या वर गेला की गाडी बाजूला घेऊन बंद करायची आणि गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडायचे नाही. पहिले ५०० किलोमीटर सावकाश चालवायची, मग ऑईल आणि फिल्टर बदलायचा, ते मी येऊन करीन. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला तरी डावा अजून बाकी आहे आणि समोरच्या दिव्यांचा किती त्रास होतो, हे डॉक्टरांना तुम्हीच सांगितले होते. घाटात एकट्याने जायचे नाही. कराडला तपासणीला जायचे असेल तेव्हा वरच्या आळीतले एसटीतून निवृत्त झालेले काका गाडी चालवतील. ते आनंदाने तयार आहेत आणि तुम्ही शेजारी बसून त्यांना वाटेतली वळणे सांगायला त्यांची काहीच हरकत नाही. यात तुमच्या चालवण्यावर माझा विश्वास नाही असे काही नाही. मी गाडी शिकले ती तुमच्याकडेच. डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले की हे आपण पुन्हा बोलू. चिपळुणात दिवसा बाजार, बँक, वाचनालय आणि गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत तुम्ही खुशाल जा, आईला घेऊन जा.

शनिवारी सकाळी मामा आणि मी कराडहून गाडी घेऊन निघू. घाट उतरताना मी काट्याकडे लक्ष ठेवीन, जेवायच्या वेळेपर्यंत पोहोचू. आई, जेवणाचा घाट घालू नकोस, आमटी-भात पुरे.

तुमची,
चिमी

ता. क. जुने इंजिन मिस्त्रींनी वजनावर घेतले, ते पैसे हिशेबात धरले आहेत. मधल्या सिलिंडरचा पिस्टन मात्र मी मागून घेतला आहे. त्याची वरची रिंग दोन ठिकाणी तुटली आहे आणि एका बाजूला नखाने जाणवतील असे ओरखडे आहेत. तुम्हाला तो हातात घेऊन पाहायचा असेल, म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून आणते आहे.