एकाच कढईतलं

बेंगळुरू, रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आपलं रोज बोलणं होतं, पण सांगायचं ते राहूनच जातं. बाबा, तुम्ही "हं, हं, बरं, घे आईशी बोल" म्हणून फोन सरकवता. आई, तू "इकडं सगळं मजेत, तू जेवलास का?" म्हणतेस. म्हणून आज कागद घेतला. कॉलेज सुटल्यापासून एवढं मराठी हातानं लिहिलेलं नाही, अक्षर चालवून घ्या.

आधी माफी मागतो. बाबा, तुमच्या स्कूटरच्या डिकीत कंदी पेढ्यांचा बॉक्स आहे हे तुमच्या नातीनं, चिऊनं, सांगितल्यावर मी फोनवर जे बोललो, ते बोलायला नको होतं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला शाळेतल्या पोरासारखं झापायचं म्हणजे काय! फोन ठेवल्यावर मलाच जेवण गेलं नाही. त्यात माझा स्वतःचा रिपोर्ट ड्रॉवरमध्ये पडलेला होता. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. ऑफिसच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २६० आले. हवेत १५० च्या आत. तुमची रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर ८.१ आली म्हणून मी ओरडतोय, आणि त्या तपासणीआधी मी इथं रात्री दहाला पराठे मागवून खायचो.

गणपतीत आलो होतो तेव्हाचं एक दृश्य डोक्यातून जात नाही. ओट्यावर दोन भांडी होती. मोठ्या कढईत आमच्यासाठी भरली वांगी, वर बोटभर कट. शेजारी छोट्या पातेलीत बाबांचा उकडलेला दुधी, पांढराफटक. बाबा मान खाली घालून ते जेवले. रात्री साडेअकराला मी पाणी प्यायला उठलो, तर स्वयंपाकघरात दिवा न लावता बाबा कढईतला रस्सा भाकरीला लावून खात होते. मी तसाच परत फिरलो. आणि आई, तू? तू दुपारी सगळ्यांच्या मागून बसलीस आणि उरलेली वांगी, उरलेला दुधी, वर चिऊनं टाकलेला अर्धा मोदक, सगळं "वाया कशाला घालवायचं" म्हणून संपवलंस. तुझं कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलं? आठवत नसेल तर तेच उत्तर समज.

तेव्हा माझं मागणं एकच आहे. पथ्याचं वेगळं भांडं बंद करा. एकच कढई, दोघांना तेच, चवीचं.

"लाटणं न धरलेला पोरगा मला स्वयंपाक शिकवणार" असं तू म्हणशीलच. पण रिपोर्ट आल्यापासून गेले सात महिने संध्याकाळचा स्वयंपाक मी करतो. पहिला महिना वाईट गेला. मी सरळ तेल बंदच केलं. कोरड्या कढईत टाकलेली मोहरी तडतडलीच नाही, करपून कडू झाली. हळद कच्ची लागत होती. चिऊनं ताट सरकवलं आणि म्हणाली, "बाबा, हे वरण आजारी आहे का?"

मग कळलं की फोडणीला तेल लागतंच. हिंग, हळद, कढीपत्ता, लाल तिखट यांचा वास आणि रंग तेलातच नीट उतरतो, पाण्यात नाही. प्रश्न फक्त किती, एवढाच. आपण कढईत फोडणी करतो तेव्हा कढईचा पसरट तळ भिजवण्यातच दोन पळ्या तेल जातं. आजीची ती लोखंडी पळी आठवते, लांब दांड्याची? तिच्यात एक चमचा तेलसुद्धा खोलगट जागी गोळा होतं, मोहरी त्यात बुडते आणि छान तडतडते. मी आता वरण-भाजी आधी शिजवतो आणि ती फोडणी शेवटी वरून ओततो. चुर्र झालं की लगेच झाकण. दोन मिनिटांनी उघडायचं. चार माणसांच्या वरणाला एक चमचा पुरतो, आणि वास असा येतो की शेजारचे तमिळ काका बेल वाजवून विचारतात.

दुसरी गोष्टही आजीचीच. कढईवर ताट झाकायचं आणि ताटात पाणी ओतायचं. पाण्यामुळे ताट थंड राहतं, आतली वाफ त्याला खालून लागून परत थेंबाथेंबानं भाजीवर पडते. भाजी आपल्याच पाण्यात शिजते, खाली लागत नाही, म्हणून वरून तेल घालत बसावं लागत नाही. कांद्याचंही तसंच. एक चमचा तेल, चिमूटभर मीठ, झाकण. मिठानं कांद्याला पाणी सुटतं. लागायला लागला की चमचाभर पाणी शिंपडायचं. असं तीन-चारदा केलं की कांदा बदामी होतो. पाच मिनिटं जास्त लागतात, हे मात्र खरं.

भरली वांगी मी अशीच केली. दोन चमचे तेल, वांगी एका थरात, वर पाण्याचं ताट. अर्ध्या तासानं उघडलं तर वर तवंग! कुठून आला? दाण्याच्या कुटातून. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, म्हणून तर घाण्यातून निघतं. कूट शिजलं की आपलं तेल सोडतं. सुक्या खोबऱ्याचं तर त्याहून जास्त. म्हणजे वांग्यांत कूट आणि खोबरं घातल्यावर वरून तीन पळ्या तेल ओतणं हे भिजलेल्या माणसावर बादली ओतण्यासारखं आहे. बाबांना हीच वांगी द्या. दोन वांगी, एक भाकरी, काकडी. दुधीवर सूड उगवायचा असेल तर त्यालाही तीच लोखंडी पळीतली फोडणी आणि वर आपली कांदा-लसूण चटणी.

बाबा, आता जरा तुमच्या भाषेत. तुम्ही तीस वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये बसून रिकव्हरी काढलीत, शंभर किलो उसात अकरा का बारा किलो साखर यावर सगळ्या तालुक्याचं लक्ष. तशी मी आपल्या घराची काढली. आई म्हणते, पाच लिटरचा डबा दीड महिना जातो. लिटरभर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पाच लिटरचे ४५५० ग्रॅम, माणसं दोन, दिवस ४५. माणशी दिवसाला ५० ग्रॅम पडतात. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था बैठ्या माणसाला साधारण २० ते ३० ग्रॅम सांगते. नदीवर प्रीतिसंगमापर्यंत चालत जाऊन भेळ खाऊन रिक्षानं परत येणारा माणूस बैठाच धरतात. कूट-खोबरं अजून धरलेलंच नाही.

साखरेचं गणित तर मी आपल्याच घरी केलं. गणपतीत आईचा डिजिटल काटा काढून तुमचा चहाचा चमचा मोजला. शिगोशीग भरला की ६ ग्रॅमचा. कपाला दोन, दिवसाला चार कप, झाले ४८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेला चांगल्या तब्येतीच्या माणसासाठीही ५० ग्रॅमच्या आतली मर्यादा घालते, आणि २५ च्या आत आणा म्हणते. तुमचा कोटा चहातच संपला. पेढे डिकीत थांबलेत.

एकदम बंद करा म्हणत नाही. मी केलं तसं करा. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी. जिभेला कळतसुद्धा नाही. मी दोनवरून अर्ध्यावर आलो आणि आता ऑफिसातला मशीनचा चहा काकवी प्यायल्यासारखा लागतो.

"गुळाचा चहा चालतो" हे मात्र तुमच्या तोंडून ऐकून मला हसू आलं. रस तोच, ऊस तोच, फक्त मळी वेगळी काढलेली नाही, हे मला सातवीत असताना कारखाना दाखवताना कुणी समजावलं होतं? मळी राहिली म्हणून सुक्रोज पळून जातं का? गुळाला चव आहे, खनिजं थोडीफार आहेत, पण रक्तात गेल्यावर त्याची साखरच होते. मधाचं आणि खजुराचं तेच.

आणि एक महत्त्वाचं. तुमची साखर उतरवायची गोळी चालू आहे. गोड आणि जेवण कमी करताय हे डॉक्टरांना सांगा, डोस त्यांनाच ठरवू दे. गोळी घेऊन जेवण टाळलं तर साखर खाली जाऊ शकते. घाम सुटला, हात थरथरले, गरगरलं, तर त्या वेळी पथ्य नाही. तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी साखर तपासायची, मग काहीतरी खायचं. फिरायला जाताना साखरेची एक पुडी खिशात ठेवा. जन्मभर साखर बनवली, आता पुडीत बांधून न्यायची!

आता आईचा लाडका विषय, भट्टी. दिवाळीत तू मैदा, पिठीसाखर, तूप डब्यात भरून द्यायचीस आणि मी रांगेत उभा राहून बेकरीतून नानकटाई भाजून आणायचो. पत्र्याचे काळे ट्रे, त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी, आणि सायकलवर येईपर्यंत मी सहा तरी खायचो (तू मोजायचीस, मला माहीत आहे). ती नानकटाई मी इथं अर्ध्या तुपात करून पाहिली. दगड झाला. तूप पिठाला आतून वेढतं म्हणून ती खुसखुशीत होते, तूप काढलं की पीठ आवळून बसतं. तेव्हा नानकटाई पुऱ्या तुपाचीच करायची, फक्त सुपारीएवढी.

केक मात्र ऐकतो. चिऊच्या वाढदिवसाला केला, तो लिहून देतो. एक वाटी बारीक रवा, एक वाटी दही, अर्धा तास भिजवायचं. साल काळी पडलेली दोन केळी कुस्करून. कृतीत वाटीभर साखर होती, मी पाव वाटी घातली. अर्धी वाटी तेलाच्या जागी तीन मोठे चमचे. वेलची, चिमूटभर मीठ, शेवटी चमचाभर बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा. १८० अंशावर ३५ ते ४० मिनिटं. आधी एकदा साखर-तेल दोन्ही शून्य करून पाहिलं होतं, ते टायरला ठिगळ लावायच्या लायकीचं झालं. साखर गोडीबरोबर ओलावाही धरते आणि मऊपणाही आणते. केळी नसलेल्या साध्या केकमध्ये मी पाव हिश्श्याहून जास्त कमी करत नाही. बाबा, केळ्यातही साखर आहेच. एक तुकडा, आणि त्या दिवशी भात कमी.

मी पाठवलेला एअरफ्रायर फ्रिजवर क्रोशाचं कव्हर घालून बसवलाय, ते चिऊनं दाखवलं. रागावलो नाही. पण तो खाली काढ. वाफवून थंड केलेल्या अळूवड्या कापून, ब्रशनं तेल लावून दहा-बारा मिनिटं ठेव. कोथिंबीर वड्याही. भजी करू नकोस त्यात, पातळ पीठ गळून जाळीला चिकटतं, मी चाकूनं खरवडून काढलंय.

राहिला दिवाळीचा फराळ. चकलीला हात लावायचा नाही. ती तळायचीच, मोहन घालूनच. पण भाजणी तीन किलोऐवजी एक किलो. आपण आता खाणारे पाच जण आहोत, आणि भाऊबीजेला येणारे सगळेही गोळ्यांवर आहेत. चिवड्याचे पातळ पोहे उन्हात ठेवून मंद आचेवर भाज, मग किलोला अर्धी वाटी तेलाच्या फोडणीत होतो. दाणे आणि डाळं वेगळे भाजून घाल, तळू नकोस. शंकरपाळ्या या वर्षी नकोत, त्या कुणालाच आवडत नाहीत, फक्त रीत म्हणून होतात. बेसनाचे लाडू कर, बाबांना रोज एक, उघडपणे, ताटात. आणि तळणीचं उरलेलं तेल तुळशीच्या लग्नापर्यंत भाजीला वापरायची ती बरणी या वर्षी भरायचीच नाही. पुन्हापुन्हा तापवून तेल बिघडतं. हॉटेलांनाही त्यावर कायद्यानं बंधन आहे, तळणीच्या तेलात बिघडलेला भाग २५ टक्क्यांपुढे गेला की ते वापरता येत नाही. कमी तेलात थोडं थोडं तळ, म्हणजे उरणारच नाही. कारखान्याची सवलतीची साखर आली असेल तर निम्मी मावशीकडं पाठव.

आम्ही धनत्रयोदशीच्या आदल्या रात्रीच्या बसनं निघतोय, सकाळी कोल्हापूर नाक्यावर उतरू. बाबा, स्कूटर घेऊन येऊ नका, सामान आहे, रिक्षानं येतो. पहिल्या दिवशीचा स्वयंपाक मी करणार. आई, तू खुर्ची टाकून ओट्यापाशी बस आणि चुका काढ. वांगी काटेरी आण, लहान, देठासकट.

दोघांना नमस्कार. तुझी सून आणि चिऊही नमस्कार सांगताहेत.

तुमचा,
बंड्या

ता. क. आई, आजीची लोखंडी पळी माळ्यावर निळ्या ट्रंकेत आहे, तांब्याच्या घंगाळाखाली. गंज असेल तर घासू नकोस, मी आल्यावर घासतो. बाबांना स्टुलावर चढू देऊ नकोस.