माईंची पट्टी

कोल्हापूर,
आषाढ

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

माईंच्या ख्यालाचे मिक्स परवा मुंबईहून आले. ते ऐकल्यापासून मनाला स्वस्थता नाही, आणि हे लिहायचे तर तुलाच, असे ठरवून बसलो आहे. कारण काय बिघडले आहे हे सांगितल्यावर "ऐकायला तर छान वाटते" असे न म्हणणारा माझ्या माहितीत तू एकटा आहेस. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा पावसाळ्यात कुरकुरतो तेवढाच.

मिक्स पहिल्यांदा लावले तेव्हा दादा शेजारी होते. ते गहिवरले आणि म्हणाले, "माईंचा आवाज वीस वर्षांनी तरुण झाला रे." मला तिथेच शंका आली. पेटी ओढून घेतली आणि काळी चार, म्हणजे चौथी काळी पट्टी, धरली, तर माईंचा षड्ज तिच्यापासून बराच वर. पांढरी सहा धरली, तरी वर. काळी पाच धरली, तर मात्र खाली. पेटीतल्या कोणत्याही पट्टीत न बसणाऱ्या जागी माई गात होत्या. बापू, ज्या बाईंनी आपल्याला तानपुरा जुळवायला बसवून, जवारी मनासारखी लागेपर्यंत 'सा' म्हणू दिला नाही, त्यांचा षड्ज असा अधांतरी लोंबकळताना ऐकून जे वाटले, ते तुला वेगळे सांगायला नको. कोणाच्या लक्षात आले नाही, याचे कारणही उघड आहे. तानपुरे, पेटी आणि आवाज सगळेच सारखे चढले आहेत, त्यामुळे आपापसांत ते सुरेलच आहेत.

माझ्याकडचे ध्वनिमुद्रण सेकंदाला 44,100 नमुन्यांचे (आवाजाच्या मोजमापांचे), म्हणजे सीडीच्या दराचे आहे. मुंबईच्या स्टुडिओतला प्रकल्प 48,000 वर चालतो, कारण त्यांचे बहुतेक काम चित्रफितींचे असते. फायली आत घेताना दर बदलून घ्यायचा राहिला, म्हणून प्रणालीने तेच नमुने नव्या वेगाने वाजवले. त्यामुळे लय जवळजवळ नऊ टक्के वाढली आणि सूर पेटीवरच्या जवळपास दीड पट्टीने चढला. दहा मिनिटांचा ख्याल नऊ मिनिटे अकरा सेकंदांत संपतो. नुसती लांबी ताडून पाहिली असती, तरी हे तिथल्या तिथे कळले असते.

आता खरी काळजी सांगतो, आणि ती तुझ्या तबल्याची आहे. तुला ऐकून वाजवण्यासाठी जी एमपी3 पाठवली गेली, ती या चढलेल्या मुद्रणावरून केली होती. माईंनी पट्टी वाढवली का, असे तू तेव्हाच स्टुडिओला विचारले होतेस आणि "आले तसेच पुढे पाठवले आहे" असे तुला उत्तर मिळाले होते, हे मला काल कळले. सिडनीत बसून तुझ्या कानाने पकडले ते इथे कोणाच्या कानाला लागले नाही, याचा अभिमान वाटला आणि वाईटही वाटले. तू बिचाऱ्याने हातोडी घेऊन गट्टे ठोकत तबला त्या अधांतरी षड्जाला मिळवलास आणि त्या धावत्या लयीत संगत केलीस.

स्टुडिओचे म्हणणे असे की, तुझ्या तबल्यासकट सगळेच त्याच प्रमाणात खाली आणू. सूर जुळेल, समही जुळेल. हिशेब बरोबर आहे. माईंचे गाणे त्याने तंतोतंत मूळ जागी येईल आणि तुझी समही चुकणार नाही. पण मी तसे करून ऐकले, बापू. चाटीवरचा तो स्वच्छ, टणक 'ना' मऊ पडतो, बायाँची (डग्ग्याची) मीड ओढल्यासारखी लांबते आणि तिरकिट तर असे येते, की वाजवणाऱ्याच्या बोटांत जडपणा आहे. तो तुझा हात नाही. वेगळ्या लयीत सुचलेले बोल नंतर लय उतरवून विलंबित होत नाहीत. त्या लयीत तू वेगळेच काही वाजवले असतेस. म्हणून माझी विनंती आहे, की तू पुन्हा वाजवावेस. माईंना पुन्हा गायला सांगणे आता शक्य नाही. त्यांचा दम पुरत नाही.

मूळ फायली सुरक्षित आहेत. तासाभराच्या त्या बैठकीचे चार ट्रॅक, 24 बिटचे, मिळून सुमारे 1.9 जीबी होतात, आणि मेलमधून जाते ती जास्तीत जास्त 25 एमबीची जोडणी, म्हणजे एका ट्रॅकची जेमतेम तीन मिनिटे. म्हणून सगळे फ्लॅकमध्ये करून ड्राइव्हवर चढवतो आहे. आकार बराच उतरतो आणि एकही नमुना गळत नाही. इथे पाऊस झोडपतो आहे, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला आहे आणि वीज दिवसातून अनेकदा जाते, त्यामुळे रात्री चढवतो. आपले जुने भांडण मी विसरलेलो नाही. 320 केबीपीएसची एमपी3 आणि मूळ मुद्रण यांतला फरक डोळे मिटून ओळखून दाखव, असे तू म्हणायचास. ऐकण्यापुरते तुझे म्हणणे मी मान्य करतो. कामापुरते मात्र नाही, कारण एमपी3 करताना सुरुवातीला शांततेची बारीकशी पट्टी जोडली जाते, वीस-पंचवीस मिलिसेकंदांची किंवा जास्त. ट्रॅक एकमेकांखाली ठेवले की तेवढ्याने सम घसरते, आणि तेवढी घसरण तुला सहन होत नाही, हे मला ठाऊक आहे.

तू पाठवताना दायाँ आणि बायाँ वेगवेगळे, 44,100 वर, 24 बिट, वेव्ह किंवा फ्लॅक असे पाठव. घुमारा (रिव्हर्ब) किंवा इतर संस्कार करू नकोस आणि सुरुवातीची शांतता कापू नकोस, म्हणजे सगळे शून्यापासून जुळेल. व्हॉट्सॲपवर नमुना पाठवायचा झाल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठव. आवाज म्हणून पाठवलेली फाइल वाटेत पुन्हा आवळली जाऊ शकते. एक गोष्ट मी यापुढे सगळ्यांकडून करून घेणार आहे: प्रत्येक फाइलच्या तोंडाशी एक टाळी आणि मग पेटीचा षड्ज, पट्टीचे नाव तोंडाने सांगून. दर आणि लांबी फाइलच्या नावातच. मग ती कोणाच्याही यंत्रावर गेली, तरी पेटी असलेल्या माणसाला दोन क्षणांत खरे-खोटे कळेल.

देवल क्लबच्या पायऱ्यांवर केसरबाई केरकरांच्या तव्यांवरून, म्हणजे जुन्या तबकड्यांवरून, आपले काय कडाक्याचे भांडण झाले होते! त्या खरोखर त्या पट्टीत गायल्या की तबकडी जलद फिरत होती, यावर तू चहा गार केलास आणि मी शेवटची गाडी चुकवली. तबकडीवर 78 फेरे लिहिलेले असले, तरी मुद्रणाच्या वेळी ती नेमक्या त्याच वेगाने फिरली असेल याची खात्री नसायची, आणि पडताळायला तिच्यावर षड्ज नोंदवलेला नव्हता. अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येबद्दल आपण अजून वाद घालतो. माईंबद्दल पुढच्या कोणी असा वाद घालू नये, एवढीच माझी इच्छा आहे. कामे घाईची आहेत हे मला कळते. पण हे गाणे पुन्हा होणार नाही, मग फाइलची लांबी ताडून पाहायला एवढा काय वेळ लागतो?

वहिनींच्या नव्या नोकरीचे कळले, आनंद झाला. चिन्मूचे ड्रमचे वेड अजून टिकून आहे का? टिकले असेल तर त्याला मारू नकोस, तूही शेजाऱ्यांना कमी छळले नाहीस. तिकडे थंडी असेल. तबला हीटरजवळ ठेवू नकोस, पुडी ताणून चढते.

फायली चढल्या की दुवा पाठवतो. उतरवून घेतल्यावर पहिल्या ट्रॅकची लांबी तेवढी मला कळव. ती माझ्या वहीतल्या आकड्याशी जुळली, तरच वाजवायला बस.

तुझाच,
अण्णा