वैशे, कंट्रोल-आय सापडला!

कोल्हापूर,
रविवार दुपार

प्रिय वैशे,

फोनच करणार होते. पण फोनवर तू मधेच "इमॅक्समध्ये हे होतच नाही" म्हणतेस, मग तुझा इमॅक्स एडिटर चांगला की माझा व्हिम, या जुन्याच भांडणात आपण शिरतो आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून पत्र. इथे हे ऐकणारं कुणी नाही गं. नवऱ्याला सांगितलं की टर्मिनलच्या, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या त्या काळ्या खिडकीच्या, लेखी टॅब आणि कंट्रोल-आय एकच असतात. तो "बरं" म्हणाला आणि चहा टाकायला उठला. ऑफिसातली पोरं म्हणाली, मॅडम, व्हीएस कोड घ्या ना.

आईचा गुडघा ठीक, जिना चढते. माझं बीपी गोळीवर आहे. झालं.

तर ऐक. लांबलचक फायलींत जीव जातो म्हणून मी निओव्हिममध्ये (व्हिमचाच नवा अवतार) फोल्ड, म्हणजे कोडच्या तुकड्याची घडी, उघडायला-मिटायला टॅब लावला. इतके दिवस का लावला नव्हता, असं वाटण्याइतकं छान चाललं. मग एकदा कंट्रोल-ओ मारून मागच्या जागी गेले, आणि परत पुढे यायला कंट्रोल-आय दाबलं. पुढे जाणं राहिलं बाजूला, डोळ्यांसमोरचं फंक्शनच मिटून गेलं. पुन्हा दाबलं, उघडलं. ओ-आय, ओ-आय हे माझ्या बोटांत होस्टेलपासून बसलंय, ते आता कुठे काढून टाकू?

कारण तुला माहीत आहे, तरी लिहू दे, त्याशिवाय राग जायचा नाही. टर्मिनलमधून प्रोग्रामला बटण पोचतच नाही, पोचतो नुसता आकडा. आस्कीत, म्हणजे अक्षरांच्या आकड्यांच्या तक्त्यात, आय म्हणजे 73. कंट्रोल धरला की त्यातून 64 गेले, उरले 9, आणि 9 म्हणजे टॅब. एम 77, म्हणजे 13, म्हणजे एंटर. चौकटी कंस 91, म्हणजे 27, म्हणजे एस्केप. वर शिफ्ट धरा नाहीतर धरू नका, आकडा तोच. 1963 साली टेलिटाइपसाठी, त्या तारेवरच्या टंकयंत्रांसाठी, सात बिटांत सगळं बसवायचं होतं, तेव्हा हे शहाणपणाचंच होतं. पण त्याचा भुर्दंड मी आज का भरायचा?

टेलिटाइपवरून पप्या आठवला. प्रॅक्टिकलला त्याने विंडोजच्या सवयीने सेव्ह करायला व्हीआयमध्ये (व्हिमच्या बापात) कंट्रोल-एस दाबलं, स्क्रीन गोठली, आणि त्या शहाण्याने सरळ मशीन बंद केलं. कंट्रोल-क्यू दाबलं असतं तरी सुटला असता. एस म्हणजे थांब, क्यू म्हणजे चालू दे. तू शेजारी बसून बघत होतीस आणि एक शब्द बोलली नाहीस, हे मी विसरलेले नाही. परीक्षेत बोलायचं नसतं म्हणे! मला वायव्हाची उत्तरं खुणावताना बरं चालत होतं.

असो. आधी टर्मिनल बदलला. किटी घेतला. कोविद गोयलचा, म्हणजे तू पुस्तकं ज्यात ठेवतेस त्या कॅलिब्रेवाल्याचाच. त्याने कीबोर्डसाठी वेगळा प्रोटोकॉल केलाय: एडिटरने मागितलं तर टर्मिनल नुसता 9 न देता अख्खी माहिती देतो. कंट्रोल-आयला 105 आणि 5 असे आकडे येतात. 105 म्हणजे धाकटा आय, आणि 5 मध्ये कंट्रोल. कुठलं बटण काय पाठवतं ते दाखवणाऱ्या किटीच्याच शो-की मध्ये दाबून बघितलं, चोख. टॅब वेगळा, आय वेगळा. आनंदाने निओव्हिम उघडला, तर फोल्ड मिटला.

किटी आणि निओव्हिमच्या मधे टीमक्स, एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्राम, बसलाय हे लक्षात यायला संध्याकाळ झाली. टीमक्स म्हणजे आपल्या रेक्टरबाई गं. आलेलं प्रत्येक पाकीट आधी स्वतः फोडणार आणि त्यांना समजेल तेवढंच पुढे देणार. त्यात बटणाची अख्खी माहिती पुढे देणारी एक्स्टेंडेड-कीज नावाची सोय आवृत्ती 3.2 पासून आहे, पण आपणहून चालू नसते. चालू केली. टीमक्सचा सर्व्हर मारून पुन्हा सुरू केला.

फोल्ड मिटला.

मी लॅपटॉप मिटला आणि भांडी घासली. (तू हसशील, पण भांडी घासतानाच सुचतं.) मग मुकाट्याने निओव्हिमचं हेल्प वाचलं. टर्मिनलने दोन्ही वेगळे पाठवले तरी तुम्ही फक्त टॅबला काम लावलं असेल, तर ते काम कंट्रोल-आयलाही लागतं. उपाय काय, तर टॅबच्या आधी एक ओळ लिहायची: कंट्रोल-आय म्हणजे कंट्रोल-आय. एवढंच! ती ओळ लिहिली आणि एकटीच हसत बसले. नवरा बघून गेला.

मराठी लिहितानाचा घोळ तर वेगळाच. इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू राहतो, एस्केप दाबून खाली जायला जे दाबावं तर व्हिमला मिळतो र. कर्सर हलवायची एच-जे-के-एल म्हणजे प-र-क-त. ओळ उडवायला दोनदा डी दाबलं की दोन हलंत. ते मात्र पटकन सुटलं: इन्सर्टमधून, म्हणजे लिहायच्या मोडमधून, बाहेर पडलं की आयबसला, म्हणजे कीबोर्डची भाषा बदलणाऱ्या प्रोग्रामला, सांगून कीबोर्ड आपोआप इंग्रजीवर आणायचा. आणि हो, भाषा बदलायला मी कंट्रोल-स्पेस ठेवलेलं नाही. त्यावर इमॅक्समध्ये तुझा मार्क, म्हणजे जागेची खूण, बसतो आणि भाषा बदलणारी इनपुट मेथड ते बटणच गिळते, हे रडगाणं तू मला अख्खं एक सेमिस्टर ऐकवलं होतंस.

आता खरी काळजी. घरच्या मशीनवर सगळं सुरेख आहे. पण क्लायंटच्या सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुरून टर्मिनलमधून, गेले की तिथे जुना, साधा व्हिम. माझी सेटिंग टाकायची परवानगी नाही. तिथे मी फोल्डसाठी टॅब दाबते आणि फायलीत भलत्याच ठिकाणी जाऊन पडते, कारण तिथे टॅब म्हणजेच कंट्रोल-आय. फाइल असते प्रॉडक्शनची. परवा एक ओळ उडवायच्या बेतात होते, ओळीचा नंबर बघितला म्हणून थांबले. म्हणजे आता बोटांना दोन घरं सांभाळायचीत. तू काय करशील? टॅब काढून टाकू? फोल्डला मुळात झेड-ए आहेच की, असं म्हणू नकोस. झेड माझ्या करंगळीला दुखतो. स्पेसवर ठेवावा का? पण साध्या व्हिममध्ये स्पेस एक अक्षर पुढे सरकतो, तेवढं परवडेल असं वाटतं. तुझं मत कळव. "इमॅक्स घे" हे मत धरलं जाणार नाही.

नव्या घराचे फोटो बघितले, ओटा मोठा आहे, छान. सईचा दहावीचा अभ्यास कसा चाललाय? तुझ्या सासूबाईंना नमस्कार. गणपतीत येणार असलीस तर आधी कळव, मागच्या वेळेसारखी दारात उभी राहू नकोस.

तुझी,
सुनी

ता. क. मॅकवर ऑप्शन दाबलं की मेटाऐवजी (इमॅक्सच्या शॉर्टकटचं बटण) भलती चिन्हं उमटतात म्हणाली होतीस. आयटर्म टर्मिनलमध्ये प्रोफाइलच्या कीज मध्ये जाऊन डाव्या ऑप्शनला एस्केप-प्लस लाव. उजवा तसाच राहू दे, चिन्हं कधीतरी लागतात.