सूचना : रविवारच्या दृक्-श्राव्य प्रयोगासाठी सभासद हवेत

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळच्या खेळानंतर मानसशास्त्रात एम. ए. करणारी एक विद्यार्थिनी आपल्या मंडळात प्रयोग घेणार आहे. पडद्यावरचे ओठ आणि कानावर पडणारा आवाज जुळले नाहीत तर माणसाला नेमकं काय ऐकू येतं, हा तिच्या प्रबंधाचा विषय.

१९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की 'बा' हा आवाज आणि 'गा' म्हणणारे ओठ एकत्र दाखवले तर बऱ्याच जणांना 'डा' ऐकू येतं. डोळे मिटले की तोच आवाज पुन्हा स्वच्छ 'बा'! हे आधी ठाऊक असलं तरी भास सहसा जात नाही, म्हणून इथे सांगायला हरकत नाही. आवाज चित्राच्या पुढे धावला तर मागे पडल्यापेक्षा लवकर खटकतो. त्याचीही चाचणी होईल.

अशा अभ्यासांत बहुधा विशीतलीच मुलं असतात, कारण वर्गमित्र सहज हाताशी मिळतात. साठीपुढच्या सभासदांनी म्हणूनच आवर्जून यावं, ही कळकळीची विनंती. श्रवणयंत्र वापरत असाल तरी या, फक्त आधी कळवा. चष्मा विसरू नका. हेडफोन तिथे मिळतील.

अर्धा तास लागेल. नाव कुठेही छापलं जाणार नाही आणि मधेच थांबावंसं वाटलं तर खुशाल थांबा. येणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत याच गटावर नाव द्यावं.

– कार्यवाह