मावशी, तू जामीन राहिलीस

ती. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, तुझे आभार मी घरी येऊन मानले, पण ते चारचौघांतही मानायला हवेत. तुला जे बोललं गेलं, ते चारचौघांतच बोललं गेलं. बाजारात तुझ्या पाटीसमोर उभं राहून एकीने विचारलं, "कोयता मारणाऱ्याला जामीन राहिलीस म्हणे?" तू बांगड्यांचा वाटा लावत होतीस. मान वर न करता "राहिले" म्हणालीस आणि वाट्यात आणखी एक बांगडा टाकलास. तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मी लिहिते आहे.

काय घडलं ते गावाला ठाऊक आहे, तरी नीट सांगते. पावसात ढासळलेला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पुन्हा रचायचा होता. तो कुठून न्यायचा यावरून माझा धाकटा भाऊ आणि आमचा चुलतभाऊ यांची जुंपली, आणि भावाच्या हातातला कोयता चुलतभावाच्या दंडावर बसला. जखम खोल होती. त्याला रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात हलवावं लागलं. आमच्या आईने ग्रामदेवतेपुढे पहिलं गाऱ्हाणं घातलं ते त्याच्यासाठी. लेकासाठी नंतर.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०९ खाली नोंदला गेला, म्हणजे खुनाचा प्रयत्न. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, पण लोकांच्या तोंडी अजून जुन्या कायद्यातलं 'तीनशे सात'च आहे. त्यात दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. त्यामुळे राजापूरच्या कोर्टात जामीन होईल ही आशा वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सोडायला लावली. आधी पोलीस कोठडी झाली, मग न्यायालयीन कोठडी, आणि भाऊ रत्नागिरीच्या विशेष कारागृहात गेला. आमच्या घरातलं कुणी याआधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेलं नव्हतं.

वकीलबाई आम्हाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच तशी तरतूद आहे. हे वाचणाऱ्या कुणावर अशी वेळ आली तर दागिने गहाण टाकण्याआधी १५१०० हा नंबर फिरवा. बाईंनी सत्र न्यायालयात जे मांडलं ते साधं होतं: वार एकच, तोही मर्मस्थानी नाही, कोयता जप्त झालेला, जखमी घरी परतलेला, आणि भावावर आधीचा एकही गुन्हा नाही. सरकारी वकिलांनी विरोध केला, आणि तो करायलाच हवा होता. ज्याला लागलं त्याच्या बाजूनेही कुणीतरी उभं राहायला हवं.

जामीन मंजूर झाला. ५०,००० रुपयांचा जातमुचलका, म्हणजे भावाची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. गावात फोन गेला, "सुटला!" पण तो सुटला नव्हता. जामीनदार उभा राहिल्याशिवाय कारागृहाला सुटकेचा आदेश जात नाही, आणि आमच्याकडे जामीनदार नव्हता.

कोकणातल्या माणसाला याचं कारण फोड करून सांगायला नको. आमचा सातबारा सामाईक. पणजोबांपासूनची नावं त्यावर, त्यातली कितीतरी मयत, वारसनोंदी राहिलेल्या, आणि जे हयात आहेत ते मुंबईला. वर त्याच सातबाऱ्यावर जखमी चुलतभावाचंही नाव. अशा जमिनीतला आपला हिस्सा कोर्टाला दाखवणार कसा? आणि दाखवला तरी भावकीतलं कोण पुढे येणार? मेव्हण्यांनी लालबागच्या खोलीचे कागद देऊ केले, पण खोली पागडीची, मालकी त्यांची नाही. वकीलबाईंनी धीर दिला. दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार चालतच नाही असं नाही, म्हणाल्या. मोती राम नावाच्या एका गवंड्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती म्हणून खालच्या कोर्टाने तो जामीनदार नाकारला होता. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं आणि त्या गवंड्याला १,००० रुपयांच्या त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं. जामीन होऊनही महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट आपणहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं, असंही सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलं आहे. हे ऐकून आईने एवढंच विचारलं, "म्हणजे अजून महिना?"

कोर्टाच्या आवारात एका माणसाने मला बाजूला घेतलं. पैसे मोजा, जामीनदार मी उभा करतो, कागद तयार आहेत, म्हणाला. वकीलबाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढ्या चिडल्या की आजूबाजूचे बघायला लागले. खोटा जामीनदार दिलात तर भावाचा जामीन जाईलच, वर तुमच्यावरही गुन्हा होईल.

त्या संध्याकाळी तू आलीस. तुला कुणी बोलावलं नव्हतं. पडवीत टेकलीस आणि विचारलंस, "कागद कसला लागतो गो?" मी सांगितलं. तू म्हणालीस, "सड्यावरची एकर माझ्या एकटीची हाय. उतारा काढून बघ."

ती एकर तू कशी घेतलीस ते आम्ही लहानपणापासून पाहिलं आहे. काका गेल्यावर पहाटे बंदरावर लिलावात बोली लावायची, पाटी भरायची, एसटीने राजापूर गाठायचं, आणि उरलेल्या पैशातले थोडे पोस्टात. नुसता कातळ आणि करडाचं गवत होतं तिथे. तू काजूची कलमं लावलीस, उन्हाळ्यात खालून घागरी वाहून जगवलीस. तुझ्या सातबाऱ्यावर एकच नाव आहे, तुझं. कोकणात बाईच्या एकटीच्या नावाचा उतारा किती घरांत निघेल? ती जमीन म्हणजे तुझं म्हातारपण, तुझ्या लेकीचं माहेर. तीच तू दुसऱ्याच्या पोरासाठी कोर्टापुढे ठेवलीस.

मग ताजा सातबारा आणि आठ-अ, तहसीलमधून ऐपतीचा दाखला, आधार, रेशनकार्ड, फोटो, प्रतिज्ञापत्र. ऐन मासळीच्या दिवसांत तू बाजार बुडवलास. आईने पदराच्या गाठीतली नोट तुझ्या हातात कोंबली, ती तू तिच्याच गाठीत परत बांधलीस.

कोर्टात न्यायाधीशांनी तुला विचारलं, आणखी कुणाला जामीन आहात का? जामीनदाराला हे सांगावंच लागतं. तू नाही म्हणालीस. आरोपीला कधीपासून ओळखता? "रांगत होता तेव्हापासून." तारखेला हजर झाला नाही तर रक्कम तुमच्याकडून वसूल होईल, समजलं आहे का? तू म्हणालीस, "समजलंय साहेब. तो येईल."

तो येईल. एवढंच. तो निर्दोष आहे असं तू म्हणाली नाहीस, आणि ते तुला कुणी विचारलंही नाही. बाजारात तुला टोचून बोलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. मावशीने माझ्या भावाच्या कृत्यावर पांघरूण घातलेलं नाही. खटला चालायचाच आहे, साक्षी व्हायच्या आहेत, जखमीला काय सांगायचं ते तो सांगेल आणि निकाल कोर्ट देईल. जामीन म्हणजे तोवर माणसाला बाहेर ठेवणं आणि तो प्रत्येक तारखेला हजर राहील याची हमी घेणं. ती हमी मावशीने घेतली. ती घेतली म्हणून गावापासून तोंड लपवायचं काही कारण नाही.

आणि एक गोष्ट मला बरीच नंतर कळली. आमच्या पडवीत यायच्या आधी तू जखमी चुलतभावाच्या घरी जाऊन आली होतीस. वहिनीनेच सांगितलं मला, पाणवठ्यावर, आमच्याशी बोलणं बंद असताना. तू तिला म्हणालीस, "पोरी, मी त्याला जामीन राहतेय. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको म्हणून सांगायला आले." केस मागे घे म्हणाली नाहीस, समजूत काढली नाहीस. त्याच्या दंडाकडे बघितलंस, सौंदाळे मासे ठेवलेस आणि उठलीस. वहिनी मला म्हणाली, राग आला होता, पण दार लावता आलं नाही. मावशी, हे तू आम्हाला कधीच सांगितलं नसतंस. म्हणून ते मी इथे लिहून ठेवते. तुझ्याबद्दल बोलणाऱ्यांना तुझी ही बाजूही कळू दे.

भावाला दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत राजापूर तालुक्यात पाऊल ठेवायची मनाई आहे. साक्षीदारांशी बोलायचं नाही, दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी. मग राहायचं कुठे? तेही तूच बघितलंस. मिरकरवाड्याला तुझ्या भाच्याकडे तो राहतो, बोटीवर जातो. शिमग्याला पालखी आमच्या दारात आली तेव्हा तो नव्हता. आईने त्याच्या नावाने वेगळा नारळ दिला. १ जूनपासून मासेमारी बंद झाली की दोन महिने जाळी विणायचं काम देईन, असं तुझा भाचा म्हणाला आहे. त्याचेही आभार.

आता राहिलं ते सांगते. तारखेला मी स्वतः भावाबरोबर जाणार, दर वेळी. आदल्या रात्री तुला फोन येईल आणि हजेरी लागली की दुसरा. कोर्टाचं कसलंही पत्र तुझ्या दारात आलं तर सही करण्याआधी मला हाक मार, मी वकीलबाईंना विचारेन. आणखी एक, जे मी बाईंना मुद्दाम विचारून घेतलं. जामीनदाराला कधीही कोर्टात अर्ज देऊन या बंधनातून मोकळं होता येतं. मग आम्ही दुसरा जामीनदार शोधायचा, नाही मिळाला तर भावाला परत आत जावं लागेल. ते आमचं आम्ही बघू. लेकीच्या लग्नाला, औषधाला, काजूच्या जमिनीवर कर्ज काढायला, कशासाठीही तुला मोकळं व्हावंसं वाटलं तर कारणसुद्धा सांगू नकोस. नुसतं "चल कोर्टात" म्हण. जसं तू आम्हाला म्हणाली होतीस.

तुझी मानलेली भाची